भावजींची पोटरी आणि माझा क्लच

आमचे धाकटे भावजी मोटार शिकवतात. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच-ब्रेक असतात. मी त्यांच्याकडेच शिकत होते. गाडी अशी लोण्यासारखी चालायची की मी लायसन्सच्या परीक्षेची तारीखच घेऊन टाकली आणि घरात जाहीर केलं. आमचे हे नुसतं 'बरं' म्हणाले. ते मला झोंबलं. आता नापास होऊन चालणार नव्हतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी भावजी पोट कमी करायला बॅडमिंटन खेळायला गेले. अंग मोकळं न करताच उडी मारली, आणि डाव्या पोटरीवर कुणीतरी लाथ घातल्यासारखं झालं. शिवी द्यायला मागे वळले, तर मागे भिंत. डॉक्टर म्हणाले, स्नायू दुखावलाय. बर्फ लावा, पट्टी बांधा, पाय उंच ठेवा आणि वयाचा विचार करा.

तरी संध्याकाळी ते सरावाला आले. डावा पाय बर्फाच्या पिशवीसकट डॅशबोर्डवर, उजवा ब्रेकपुरता खाली. गाडी फाटकातच बंद पडली. मग चौकात पडली. सिग्नल हिरवा झाला, पुन्हा लाल झाला, आम्ही तिथेच. गाडी बिघडलीय, असं मी ठणकावून सांगितलं. भावजी बर्फाची पिशवी चाचपत बसले.

"वहिनी, रागावू नका. इतके दिवस क्लच मीच दाबत होतो."

"आणि मी काय करत होते?"

"तुम्ही हॉर्न छान वाजवता."

मी चिडले की घरात कुणाला धड जेवण जात नाही, म्हणून गाडी बंद पडू द्यायचा त्यांना धीर होत नव्हता म्हणे. त्यांच्या पायाकडे बघून मी पुन्हा किल्ली फिरवली. मैदानामागच्या चढावर अंधार पडेपर्यंत क्लच दाबत-सोडत राहिले. दर गचक्याला भावजी कण्हायचे. खोटं कशाला बोलू, मला थोडं बरं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी नेमकी चढावरच गाडी थांबवायला लावली. गाडी थरथरली, जरा विचारात पडली, आणि चढली. त्यांनी 'पास' लिहून सही केली.

उतरले तर डावा पाय टेकवेना. भावजी काठी घेऊन झाडाखाली उभे होते.

"कुठं दुखतंय?"

"पोटरीत."

"मग आलं तुम्हाला."

घरापर्यंत गाडी मीच आणली. डाव्याच पायाने लंगडणारी दोन माणसं उतरताना पाहून ह्यांनी आधी गाडीभोवती एक चक्कर मारली. मग आत गेले आणि बर्फ घेऊन आले, दोघांपुरता.