पहिली पसंती

थ्रासोस मास्तरांचा अंदाज चुकत नाही, असं ग्रीसमधल्या कोझानी गावात पोराटोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे मानायचे. आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त मास्तर स्वतःच मानायचे. एकोणीस वर्षं गणिताचा क्लास चालवलेला. गुण लागले की पोरं आई-बापांना घेऊन यायची, मास्तर जुन्या कट-ऑफची वही उघडायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि बोट ठेवून सांगायचे, "हे मिळेल. हे विसर."

क्लासमधली आरेती आली तेव्हा तिच्या कागदावर पेन्सिलीने दोनच ओळी होत्या. पहिली पसंती, अथेन्सच्या पॉलिटेक्निकमधलं संगणक अभियांत्रिकी. दुसरी, तीच शाखा, पण इथे, गावातल्याच विद्यापीठात. गुण होते वीस हजारांपैकी अठरा हजार एकशे चाळीस.

शेजारी तिचा बाप आनेस्तिस बसला होता. सव्वीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढलेला माणूस. खाण बंद झाल्यापासून टोपी हातात धरून बसायची सवय लागली होती त्याला, जणू कुणी आत्ता बोलावेल.

"मास्तर, पोरीला इथून बाहेर काढा," तो म्हणाला. "इथे उरलंय काय? तरणीताठी सगळी गेली. आता चौकात कबुतरं आणि आम्ही."

"बाबा, तुम्ही जरा गप्प बसा ना."

मास्तरांनी वही चाळली. गेल्या वर्षी अथेन्स अठरा हजार तीनशे दहावर थांबलं होतं. यंदा पेपर सोपे गेलेले. "यंदा अठरा हजार चारशेच्या खाली येतच नाही," ते म्हणाले. "शक्यता शून्य. पहिली ओळ वाया कशाला घालवतेस? गावातलं वर टाक, ते डोळे मिटून तुझं. अथेन्स खाली ढकल."

"पण सर, वर लिहिलं तर बिघडतं काय? मशीन वरून खाली बघत येतं. अथेन्स नाही मिळालं तर गावातलं मिळेलच की."

पोर बरोबर बोलत होती. बिघडत काहीच नव्हतं. बिघडणार होतं ते फक्त फलकाचं. निकाल लागले की इथला प्रत्येक क्लास खिडकीवर हातभर अक्षरांत फलक लावतो: इतक्यांपैकी इतके पहिल्या पसंतीला लागले, आणि खाली नावं. गेल्या वर्षी मास्तरांचे तेवीसपैकी वीस झाले आणि समोरच्या क्लासवाल्याचे एकवीस. तो मेला वर्षभर रस्त्यापलीकडून कॉफीचा कप उंचावून मास्तरांना दाखवत होता. यंदा तसं होऊ द्यायचं नाही, हे मास्तरांनी मनाशी पक्कं केलं होतं. एवढ्याशा हट्टापायी माणूस काय करून बसतो बघा.

"मन मोडतं गं," मास्तर म्हणाले. "पहिलंच नाव हुकलं की माणूस वर्षभर कुढतो. माझं ऐक."

आरेतीने बापाकडे पाहिलं. आनेस्तिस म्हणाला, "मास्तरांना आपल्यापेक्षा जास्त कळतं." तिने खोडरबर घेतलं, दोन्ही ओळी पुसल्या आणि उलट्या लिहिल्या. संध्याकाळी अर्ज पाठवून दिला. एकदा पाठवला की संपलं, नंतर देव आला तरी बदलता येत नाही.

जुलैअखेरीस कट-ऑफ लागले. मास्तरांनी क्लासच्या संगणकावर पहिलं अथेन्स उघडलं, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. अठरा हजार पंचाण्णव.

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग कागदावर वजाबाकी केली, जसं काही गणिताच्या मास्तरला तोंडी येत नव्हती. पंचेचाळीस गुण. आरेतीला पंचेचाळीस गुण जास्त होते. मशीनने तिची पहिली ओळ पाहिली, गावातलं विद्यापीठ दिलं आणि दुसऱ्या ओळीपर्यंत ते गेलंच नाही.

तेवढ्यात छापखान्यातून सोतीरिसचा फोन. "मास्तर, आकडा बोला. दुपारी फलक छापायला घेतो."

"तेवीसपैकी बावीस," मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

"अरे वा! समोरच्याचं नाक कापलंत की!"

फोन ठेवतात न ठेवतात तोच दारात आनेस्तिस, हातात रिबीन बांधलेला मिठाईचा खोका, आणि मागे आरेती, डोळे सुजलेले.

"पहिल्या पसंतीला लागली, मास्तर!" आनेस्तिसने त्यांना मिठीच मारली. "बाजारात माणसं हात मिळवतायत माझ्याशी. ही सकाळपासून रडतेय, तिची आई म्हणते आनंदाने असंच होतं. अथेन्स राहिलं तर राहिलं, घरी आईच्या हातचं खाईल. खा, खा. थांबा, समोरच्यालाही देऊन येतो, जळू दे मेल्याला." आणि खोका घेऊन तो रस्ता ओलांडून गेलाही.

दोघंच उरली.

"सर, पुढच्या वर्षी परीक्षा न देता जुन्या गुणांवर थोड्या जागा असतात ना? दहा टक्के? वही बघून सांगा, मला अथेन्सची आशा आहे का?"

मास्तरांनी वही उघडली. त्या जागांचा कट-ऑफ दर वर्षी नेहमीच्या वर शे-दोनशेने असायचा, एकदाही खाली आलेला नव्हता. "नाही," ते म्हणाले.

"नक्की?"

या वेळी मास्तरांचा अंदाज खरा होता आणि तो छातीठोक सांगायचं तोंड उरलं नव्हतं.

"आरेती, मी फलकासाठी केलं ते. तुझ्यासाठी नाही. लाज वाटते मला."

"ठाऊक आहे. गेल्या वर्षी फलक बांधताना शिडी मीच धरली होती."

"मी आनेस्तिसला सांगतो. आत्ता सांगतो." ते उठले.

"नको." तिने त्यांची बाही घट्ट धरली. खिडकीतून आनेस्तिस दिसत होता, समोरच्याच्या खांद्यावर हात टाकून हसत होता. "खाण बंद झाल्यापासून बाबांना ही एकच चांगली बातमी मिळालीय. तुम्ही ती काढून घेऊ नका. आयुष्यात कधीही नाही."

आनेस्तिस परत आला. "मास्तर, तुम्ही अजून तोंड गोड केलं नाही?"

आरेतीने खोका पुढे केला. मास्तरांनी तुकडा उचलला आणि तिच्या डोळ्यांदेखत चावून चावून गिळला.

तिसऱ्या दिवशी फलक लागला. सगळ्यांत वर आरेतीचं नाव, कारण गुण तिचेच जास्त होते. आनेस्तिस रोज सकाळी चौकातून वळसा घालून येतो, टोपी काढतो आणि ते वाचतो. मास्तर हल्ली मागच्या दाराने येतात.