भट्टीजवळची खुर्ची

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. मित्रांनो, लाकडी म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका. मला घडवणारा सुतार स्वतः दिवसभर उकिडवा बसून काम करायचा. म्हणूनच की काय, माझी पाठ त्याने मुद्दाम जराशी मागे कलती ठेवली. "बसणाऱ्याने टेकलं पाहिजे," असे तो म्हणायचा. माझे सगळे शिक्षण एवढेच.

त्याच्याकडून मी आले ती थेट या गल्लीतल्या लेबनीज हॉटेलात. मालकांना सगळे भट्टीवाले काका म्हणतात. सुरुवातीला मी दर्शनी खिडकीत होते. लोक हात फिरवून कौतुक करायचे. मग गादीच्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी भट्टीजवळच्या छोट्या टेबलापाशी झाली. तिथे कोणी बसेना. माझ्यावर पिठाच्या पिशव्या येऊन पडू लागल्या. मला फार अपमान वाटला, खोटे कशाला बोलू?

एका गुरुवारी दुपारी कोपऱ्यावरच्या शिवणवाल्या काकू आल्या. गळ्यात टेप तसाच होता. त्यांनी पिठाची पिशवी स्वतःच खाली उतरवली आणि माझ्यावर बसल्या. बसल्या कसल्या, काठावर टेकल्या! मला बसण्यावरून माणूस कळतो. घरात सगळ्यांना वाढून झाल्यावर, उरलेसुरले ओट्यापाशी उभ्याने खाणारी बाई अशी बसते. कधीही उठायच्या तयारीत.

"आणखी कोणी येणार आहे का?" काकांनी विचारले.

"नाही. मी एकटीच. आणि दर गुरुवारी येणार आहे. मला गरम जेवायचंय, बसून."

आवाज ठाम होता. बसल्या मात्र अजून काठावरच होत्या.

भट्टीतून टम्म फुगलेली रोटी आली. सोबत हमस, म्हणजे काबुली चण्यांची मऊ चटणी. काकूंनी रोटी मोडली आणि सवयीने पहिला तुकडा समोरच्या रिकाम्या ताटलीत वाढला. त्यावर हमस घातले. मग दुसरा तुकडा. वाढता वाढता हात थांबला. समोर कोणीच नव्हते! त्या इतक्या ओशाळल्या, की सगळे बांधून घेऊन घरी गेल्या.

मला वाटले, आता काही या परत येत नाहीत. पण पुढच्या गुरुवारी काकू हजर! समोरची ताटली त्यांनी उचलून काकांच्या हातात दिली. "ही नको. दिसली की हात तिकडेच वळतो."

अर्धी रोटी झाली आणि फोन वाजला. नवऱ्याचा होता. भट्टीच्या आवाजामुळे त्यांनी स्पीकर लावला.

"अगं, कुठे आहेस? जेवायचं काय?"

काकू अर्ध्या उठल्या. माझ्या सांध्यासांध्यांत धस्स झाले.

"भाजी कढईत आहे, भात कुकरमध्ये. वाढून घ्या."

"आणि तू?"

"मी जेवतेय."

"म्हणजे? आमच्या आधी?"

"हो. माझी रोटी गार होतेय. ठेवते."

फोन पालथा पडला. काकू पुन्हा बसल्या आणि हळूहळू त्यांची पाठ माझ्या पाठीला लागली. त्यांनी मोठा श्वास सोडला. शेवटच्या तुकड्याने ताटली पुसून घेतली. तेव्हा मला माझ्या सुताराची फार आठवण आली.

पुढे माझा एक पाय खिळखिळा झाला. काका मला अडगळीत टाकणार होते. "टाकायची नाही," काकू म्हणाल्या. "पाय बसवून घ्या. गुरुवारी मला लागते." मला नवा पाय मिळाला. आता माझ्यावर पिशव्या ठेवायची कोणाची टाप नाही.

मित्रांनो, मला एकच मागायचे आहे. आज घरी जेवायला बसाल तेव्हा जरा आजूबाजूला बघा. कोणी अजून उभे असेल, तर एक खुर्ची ओढा. आणि ते माणूस नीट पाठ टेकून पहिला घास घेईपर्यंत, कृपा करून, पाणीसुद्धा मागू नका.