सोबतीची गोळी

एकट्याने गोळी घेणं ब्राह्मणपाऱ्यातल्या दत्तोपंतांच्या जिवावर येई, म्हणून त्यांची बायको पद्मजाबाई त्यांच्या बीपीच्या गोळीतली अर्धी रोज सोबतीला खाई. पंतांचं बीपी उतरेना, तेव्हा डॉक्टरने डोस दुप्पट केला. तेव्हापासून बाईंना भोवळ येऊ लागली. त्या न्हाणीत दुसऱ्यांदा पडल्या, तसे पंत धास्तावून त्यांना दवाखान्यात घेऊन गेले.

"हिले चकरेची गोळी द्या, डॉक्टरसाहेब. अर्धी मी घेईन."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "अर्धी काहून?"

पंतांनी मोठ्या कौतुकाने सगळं सांगितलं.

"आजोबा, तुमचीच गोळी आजीले पाडून राहिली! तिनं ती बंद करायची. तुम्ही जुनाच डोस घ्या, पण अख्खा."

पंतांचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच पाडलं हिले?"

"असू द्या," पद्मजाबाई म्हणाल्या. "पन्नास वर्षांत तुमचा माझ्यावर काही असर तं झाला."