काशिरामचे घरगुती सुटे भाग

पनवेलच्या कोळीवाड्यातल्या काशिरामने होडी विकली, तेव्हा त्याच्या बायकोला, गुणाबाईला, वाटलं की आता नवरा घरात बसेल. तो बसला. फक्त एकटा बसला नाही. पडवीत मोटरसायकल घेऊन बसला.

ही रस्त्यावर चालवायची मोटरसायकल नव्हे. ही चिखलमातीत उड्या मारायची. परदेशी होती आणि काशिरामच्या लेकीपेक्षा, कोमलपेक्षा, वयाने थोरली होती. नेऱ्याच्या एका फार्महाऊसवाल्याने ती हौसेने आणली, तितक्याच हौसेने तिच्यावरून पडला आणि मासे पोचवायला आलेल्या काशिरामला म्हणाला, "घेऊन जा, बाबा." तिचे सुटे भाग बनवणं कंपनीने केव्हाच बंद केलं होतं. काशिरामच्या मते तो कंपनीचा प्रश्न होता.

"होडीचं तरी कुठं काय दुकानात मिलायचं?" तो म्हणायचा. "घरातच करायचो ना?"

घरातच, म्हणजे गुणाबाईच्या घरातच. इंजिनाच्या दोन तुकड्यांमधलं पॅकिंग लग्नपत्रिकांचं होतं. कोळीवाड्यातल्या लग्नपत्रिका जाडजूड असतात आणि वर गणपती असल्यामुळे टाकवत नाहीत, त्यामुळे माळ्यावर गठ्ठे पडले होते. काशिराम गणपती अलगद कापून देव्हाऱ्यात ठेवायचा आणि 'सहकुटुंब सहपरिवार'पासून खालचं सगळं इंजिनात घालायचा. साखळी घासू नये म्हणून तिच्याखाली बसवायची पट्टी भाजी कापायच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पाटाची होती. हा पाट शेजारच्या हव्वाबीने दुबईहून खास गुणाबाईसाठी आणला होता. हव्वाबीचा नवरा अब्दुल्ला आयुष्यभर आखातात गाड्या दुरुस्त करून परतला होता आणि आता काशिरामला सल्ला द्यायला मोकळा होता. पाट कापताना दुसरं टोक त्यानेच धरलं होतं.

"माल अव्वल आहे, भाभी," तो म्हणाला. "कयामतपर्यंत झिजणार नाही."

"मना म्हाईत हाय," गुणाबाई म्हणाली. "म्हनून तर त्यावर भाजी कापत होते."

पुढे निळ्या पिंपाचा मागचा मडगार्ड झाला. लोखंडी उलथन्याचा दांडा गिअरला गेला. त्या दिवशी वाटीच्या काठाने घावन उलटता उलटता गुणाबाईने निकाल दिला.

"नेऱ्याला रविवारी शर्यत हाय ना? कोमलनं पुरी केली, तर गाडी ऱ्हाईल. मधी बंद पडली, तर सोमवारी भंगारवाला. मी त्याला सांगून ठेवते."

"पैला नंबर नको?" काशिरामने विचारलं.

"गाडीवर बसून गेली नि गाडीवरच बसून आली, तरी बास."

गाडी कोमलच चालवणार हे वेगळं ठरवावं लागलं नाही. किक मारू शकणारी ती एकटीच होती. काशिरामच्या गुडघ्यांनी आधीच माघार घेतली होती आणि अब्दुल्लाला आपली सल्लागाराची जागा सोडवत नव्हती.

शनिवारी हवेची गाळणी तेवढी राहिली. इंजिनात धूळ जाऊ नये म्हणून हवा स्पंजातून आत घेतात आणि त्या स्पंजाला तेल लावतात, म्हणजे धूळ तिथेच चिकटते. स्पंज सोफ्यातून निघाला. काशिरामने तो धुतला, दोरीवर बोंबलांच्या शेजारी वाळत घातला आणि तेल आणायला अब्दुल्लाबरोबर बाजारात गेला. बाजारात चहा होता, ओळखीचे लोक होते. दोघे परतले ते तेल न घेताच. पण स्पंज तेल लावून आपल्या जागी बसलेला होता. काशिरामला वाटलं, कोमलने लावलं. कोमलला वाटलं, बाबांनी. झालेल्या कामाची चौकशी करायची त्या घरात पद्धत नव्हती. वासावरून काही कळलं असतं म्हणावं, तर त्या पडवीत वास येणं ही बातमी नव्हती.

रविवारी नेऱ्याला, डोंगराखालच्या कापणी झालेल्या भातखाचरांत, तीन फेऱ्यांची शर्यत सुरू झाली. उड्या मारायला शेतांचे बांध होतेच. गुणाबाईही आली होती.

"बघायला नाय आले," ती अब्दुल्लाला म्हणाली. "पोरीला डबा द्यायला आले."

कोमलच्या गाडीवर सात नंबर होता. पहिली फेरी ठीक झाली. दुसऱ्या फेरीत इंजिन तापलं आणि खाचरांवर तळलेल्या माशांचा दरवळ पसरला. प्रेक्षकांतले काही जण जेवण कुठे आहे ते बघू लागले. फार्महाऊसच्या राखणीचं एक कुत्रं कुंपणाखालून आलं. त्याच्या मागे गावातली आली.

"सात नंबरच्या मागे कोण आहे?" लाऊडस्पीकरवर प्रितेश नावाचा मुलगा वर्णन करत होता. "सात नंबरच्या मागे... कुत्रे आहेत. त्यांचे नंबर आमच्याकडे नाहीत."

तिसऱ्या फेरीत एका बांधावर निळा मडगार्ड निखळला. तो घेऊन एक कुत्रं शर्यतीतून बाहेर पडलं, बाकीची राहिली. शेवटच्या बांधापाशी गाडी खोकली, गचके खाऊ लागली. काशिरामने डोळे मिटले. एरवी कोमल थांबली असती, उतरून काय झालं ते बघितलं असतं. तिने मागे बघितलं आणि उतरण्याचा विचार सोडून दिला. मूठ पिळून धरली. गाडीनेही बहुधा मागे बघितलं असावं. बांध ओलांडून ती पाचव्या नंबरावर रेषेपार गेली, थांबली नाही, तशीच फाटकातून बाहेर पडली. लोकांनी फाटक लावून कुत्रे आत कोंडले, तेव्हा कुठे कोमल फाटकापाशी परत आली.

काशिरामने गाळणीची डबी उघडली आणि नाक आत घातलं. बराच वेळ ते बाहेर आलं नाही.

"मुशीचं तेल," तो म्हणाला.

मुशी म्हणजे लहान शार्क. तिचं तेल होडीच्या लाकडाला चोपडतात, म्हणजे लाकूड टिकतं. होडी गेली तेव्हा तेलाचा डबा घरीच राहिला होता. तो कोणी टाकला नव्हता.

"गुणा, तू लावलंस?"

"मंग कोरडी धाडू?" गुणाबाई जेवणाचा डबा उघडत म्हणाली. "तुमची होडी कवा तेलाबिगर पान्यात गेली? दर सालाला मीच चोपडायची. तुमी नुसते उभे ऱ्हायाचे."

काशिराम आताही नुसता उभा राहिला.

"काशी, गाडी पळवायचं औषध मिळालं," अब्दुल्ला म्हणाला. "फक्त दर वेळी कुत्रे न्यावे लागतील."

सोमवारी भंगारवाला आला. त्याला आधीच सांगितलेलं होतं आणि नको म्हणून सांगायचं कोणाला सुचलं नव्हतं. तो थेट पडवीत शिरला, तशी कोमल गाडीसमोर जाऊन उभी राहिली आणि काशिराम कोमलसमोर.

"तिकडं काय बघतोस?" गुणाबाई भंगारवाल्याला म्हणाली. "हिकडं ये."

तिने त्याच्या हातगाडीवरचा माल वरखाली केला आणि तळातून एक निळं पिंप ओढून काढलं. बोटाने वाजवून बघितलं, वाकवून बघितलं. मग परत ठेवलं.

"मडगार्ड निळा नको," ती म्हणाली. "निळा आता त्या कुत्र्यांच्या वलखीचा झाला. तांबडं पिंप हाय का बघ."