माझ्या पेशी कुठवर आल्या

भाचीला झटके येतात. तिच्या कातडीच्या पेशींपासून मी प्रयोगशाळेत मेंदूचे गोळे वाढवते. वाटाण्याएवढे, पांढरट. शेजारच्या बशीत माझे. तुलनेला निरोगी माणूस लागतो, आणि आमच्याकडे पद्धतच आहे: सुई आधी स्वतःच्या दंडात.

मेंदूत आवर घालणाऱ्या पेशी असतात. जन्मतात खाली, काम वर. जनुकं वाट दाखवतात: निघ, वळ, इथे थांब. त्या पोचल्या नाहीत तर बाकीच्यांना "पुरे" म्हणणारं कुणी उरत नाही. भाचीच्या अशा एका वाटाड्या जनुकावर माझा संशय आहे.

ताईचा फोन आला, मी घरी भांडी घासत होते.

"तुझे वाटाणे काय म्हणतात?"

"शिजतायत."

"थट्टा नको गं. कारण कळल्याशिवाय डॉक्टर औषध बदलणार नाहीत. काल जिन्यावर तिला

नळ वाहत होता. पातेलं भरून सांडत होतं.

"ऐकतेस का?" ताई म्हणत होती. "लहानपणापासूनची खोड तुझी. बोलता बोलता चंद्रावर."

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी दोन्ही बशा पाहिल्या. "फरक नाही. म्हणजे या जनुकाचा दोष नाही. बंद कर हे काम."

मी पुन्हा भिंगाला डोळा लावला. आवर घालणाऱ्या पेशी आम्ही हिरव्या रंगवतो. भाचीच्या अर्ध्या वाटेत थबकल्या होत्या, घोळका करून, पुढची हाक ऐकूच न आल्यासारख्या.

माझ्याही. त्याच जागी.

"मॅडम, निरोगी कोण, हे कुणी ठरवलं?"

"तूच की."

मग त्यांनी स्वतःची बाही वर केली.

त्यांचे गोळे वाढायला महिने लागले. तोवर मी रोज माझी बशी बघायचे. पडद्यावर माझ्या पेशी एकदम पेटायच्या, सगळ्या एका दमात, मग शांत. आणि मी

मॅडमनी माझ्या हातातली नळी काढून घेतली होती. "कधीची हाक मारतेय तुला."

त्यांच्या पेशी वर पोचल्या. पांगल्या, आपापली जागा धरून बसल्या.

मी ताईला फोन लावला. "कारण सापडलं. तेच जनुक. छकुलीत आहे, माझ्यातही आहे. म्हणजे आपल्या घरातून आलंय. आणि तिच्यापर्यंत यायला त्याला वाट एकच, ताई. तू."



"ताई? ऐकतेस का?"

फोनमधून नळाचा आवाज येत होता. काहीतरी भरून सांडत होतं.