सरळ टाच

माईंनी मोज्याची टाच वळवायला घेतली आणि फोन सुनेपुढे सरकवला.

"वाच गं. माझा चष्मा कुठं उलथलाय देव जाणे."

लग्न होऊन आल्यापासून अकरा वर्षं सून हेच ऐकत होती. वाचायचं निघालं की माईंचा चष्मा हरवायचा. सुईवरून निसटलेला टाका मात्र त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसायचा.

सून वाचू लागली आणि अडखळली. फोनवरच्या विणकामाच्या गटातल्या चौकटताई गेल्या होत्या. त्यांच्या मुलानं कळवलं होतं. आईनं चौतीस वर्षं कॉलेजात भाषा शिकवली, शेवटपर्यंत उशाशी लोकर होती.

माईंच्या सुया थबकल्या.

"शिकवायची? ती?"

चौकटताईंचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. यायची ती नुसती चित्रं. चौकटीच्या कागदावर भरलेलं घर म्हणजे उलटा टाका, रिकामं म्हणजे सुलटा, आणि कुठं वळायचं तिथं बाण. म्हणूनच त्या चौकटताई. बाकीच्या शिकलेल्या बायका ढीगभर खरडायच्या. त्यात ही एकटी आपल्यासारखी अंगठेबहाद्दर, असं माईंनी मनाशी धरलं होतं. तिच्या चित्रांवरून त्यांनी अख्ख्या घरादाराच्या पायांत मोजे चढवले होते. आणि ही निघाली कॉलेजातली मास्तरीण. मग चार वर्षं आपली गंमत बघत होती की काय? माईंची मान ताठ झाली.

"मागं जा. पार पहिल्यापासून बघ, माझ्याबद्दल काय काय बोललीय ते."

सून बोटानं मागे मागे गेली. माईंच्या पहिल्या मोज्याचा फोटो सापडला. खाली चौकटताईंनी लिहिलं होतं, टाच वाकडी झालीय, बारा ओळी उसवा. पुढं कसं विणायचं तेही सविस्तर. त्यावर माईंनी आवाजात उत्तर धाडलं होतं. सुनेनं ते लावलं.

"आभारी आहे हो. आमच्याकडं पण सगळ्यांना फार आवडला."

माईंच्या ओठाचा कोपरा हलला.

"पहिलं चित्र दुसऱ्याच दिवशीचं आहे," सून हळूच म्हणाली. "त्यानंतर त्यांनी अक्षरही लिहिलेलं नाही, माई. तुम्हालाच नव्हे, गटात कुणालाच."

माईंनी मोजा मांडीवर पसरला. टाचेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. टाच सरळ होती.

"चार वर्षं माझ्यापायी मुकी राहिली बाई," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "आधी पुष्कळ लिहायची?"

"खूप. आणि फार छान."

"मग वाच. सगळं. सावकाश."

सून सवयीनं उठली. "थांबा, आधी तुमचा चष्मा शोधते."

माईंनी लोकरीच्या पिशवीत हात घातला, तळातून चष्मा काढला आणि तिच्या हातावर ठेवला.

"त्याचं काही अडत नाही," त्या म्हणाल्या. "बस. तू वाच."