त्रासाचं माप

बद्रीनाथने खुर्चीच्या काठावर बसून दोन्ही पंजे गुडघ्यांवर ठेवले आणि डॉक्टरांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर दिलं.

“काहीच त्रास न्हाई साहेब.”

शेजारी स्टुलावर त्याची बायको कौसल्या बसली होती. प्रश्न होता, गेल्या महिन्यात बाजारात, गर्दीत जायला किती त्रास झाला? त्रास कुठून होणार? भोकरदनच्या बाजाराला तीच जात होती.

डॉक्टर लष्कराचे, जालन्यात माजी सैनिकांना तपासायला आलेले. श्रीलंकेच्या लढाईतून परतल्यापासून बद्रीनाथच्या मनात जी धास्ती बसली होती, ती आता कितपत उरली हे त्यांना मोजायचं होतं. फार उरली नसेल, तर गोळ्या बंद आणि समुपदेशकाकडे बसून बोलणंही बंद. मागे एकदा ते बंद पडलं, तेव्हा त्यांच्या गावातल्या, धावड्यातल्या माणसांनी बद्रीनाथला विहिरीतून वर काढला होता.

“झोप?”

“बराबर लागते.”

“चिडचिड?”

“बिलकुल न्हाई. हिला इचारा की.”

आणि गडी खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत होती. कौसल्याने घरच तसं करून ठेवलं होतं. कुकरची शिट्टी नको म्हणून डाळ पातेल्यात शिजायची. दिवाळीत फटाके सुरू व्हायच्या आधीच ती त्याला घेऊन मळ्यात राहायला जायची. त्याला उठवायचं तर दारातूनच हाक, अंगाला हात लावायचा नाही. इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून हे सगळं निभावलं आणि त्या बिचाऱ्याला वाटलं, आपण बरे झालो.

“बाई, तुम्ही सांगा.”

काय सांगणार, कपाळ? झोपेत त्याने तिचा गळा दाबला होता, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. त्याच्यादेखत सांगितलं तर माणूस शरमेने इथेच मरेल, आणि न सांगितलं तर घरी जाऊन.

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं.

“मग आता बरे आहेत म्हणायचे.”

कौसल्या उठली. टेबलावर इंजेक्शनचा स्टीलचा ट्रे होता. तिने तो उचलला आणि जीव खाऊन फरशीवर आपटला.

आवाज विरायच्या आत ती जमिनीवर होती. बद्रीनाथने तिला टेबलाखाली ओढून अंगाखाली घेतलं होतं आणि तिच्या डोक्यावर पंजा दाबून धरला होता. तो लटलटा कापत होता. त्याचा पायजमा ओला झाला होता.

“हलू नको. डोकं खाली ठेव,” तो कुजबुजला. “मी हाये.”

काय करून बसलीस गं बाई हे, असं तिच्या मनात आलं आणि तिला रडू फुटलं.

डॉक्टर टेबलापाशी खाली बसले. आवाज उतरवून त्यांनी तिला विचारलं,

“घरी असं किती वेळा होतं?”

“घरी मी होऊच देत न्हाई साहेब.”

बद्रीनाथचा श्वास हळूहळू खाली बसला. त्याने फरशीवर पालथ्या पडलेल्या ट्रेकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोक्यावरचा हात त्याने काढून घेतला.